थंड बोनेटवर हात ठेवणाऱ्या मेस्त्रीकाकांस

तीर्थस्वरूप मेस्त्रीकाका यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल शेवटच्या पेट्या उतरवल्या आणि गाडी खळ्यात आणून लावली. आंब्याचा हंगाम संपला. मार्चपासून आमच्या पिकअपने पावस ते कोल्हापूर बावीस फेऱ्या केल्या, आणि एकदाही तिला दोर लावून ओढून आणावं लागलं नाही. समोर आभार मानायला आलो की तुम्ही "चहा घेतलास काय?" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून काढतो, आणि उघडच लिहितो. दिवाळी सरली की आपल्याकडे माझ्यासारखे कितीतरी बागायतदार जुनी डिझेल पिकअप शोधत फिरतात. ही जुनी गाडी निवडताना तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते त्यांनाही कळू दे.

पहिली गाडी आठवते? मिरकरवाड्यावर मासळी वाहणारी, नवा पांढरा रंग मारलेली, भाव ऐकून मला हायसं वाटलं होतं ती. इसाराचे पैसे खिशात घेऊनच मी आलो होतो. तुम्ही इंजिनकडे पाहिलंही नाहीत. गोणपाट टाकून खाली शिरलात आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक चेशीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, घासलंत. रंगाचा पापुद्रा सुटला आणि त्याच्यामागून गंजाची हातभर लांब खपली जमिनीवर पडली. "बर्फाचं खारं पाणी हौद्यातून रोज इथेच ठिबकतं. इंजिनचं काम करता येतं रे, चेशी कुठून आणशील? घाटावरची गाडी बघ."

मग मी तुम्हाला बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतल्या, गाडीचा फोटो दाखवला. एप्रिल २०२० नंतरची, कमी चाललेली. तुम्ही एकच विचारलंत, वर्षभर रोज किती चालवणार? हंगाम सोडला तर बागेतून घरी आणि घरून रत्नागिरी बाजार, असं मी सांगितलं. त्यावर तुम्ही सायलेन्सरमधल्या धूर गाळणाऱ्या जाळीबद्दल जे समजावलंत, ते मला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. ती काजळी धरते, आणि धूर सहाशे अंशांच्या आसपास तापला तरच ती काजळी जळून जाते. गाडी रोज थोडीथोडीच चालली तर जाळी भरत जाते, दिवा लागतो, गाडी ओढायची थांबते. गाडी वाईट नाही, पण तुझ्या कामाची नाही, असं तुम्ही स्पष्ट म्हणालात. मॉडेल कोणतंही असो, आधी आपलं काम काय ते बघायचं, हे मी तिथे शिकलो.

मलकापूरची ही २०१७ची बीएस-४ गाडी सापडली तेव्हा घरचे सगळे विरोधात होते. या मॉडेलचं नाव काढलं की तिठ्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर दोनच गोष्टी जातात म्हणून सांगतो: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचा (त्या भागाला हेड म्हणतात) सांधा बंद ठेवणारी पट्टी, आणि डिझेल फवारणारा इंजेक्टर. तुम्ही ते नाकारलं नाहीत. का जातात तेवढं सांगितलंत. लोक कूलंटऐवजी विहिरीचं पाणी भरतात, रेडिएटरमध्ये गाळ आणि क्षार बसतात, वर जास्तीचा माल भरून घाट चढवतात. इंजिन उकळतं, हेड वाकतं, गॅस्केट सुटते. इंजेक्टरचंही तसंच. हजाराहून जास्त बार दाबाने डिझेल फवारणारं ते भोक केसासारखं बारीक. त्यात पाणी किंवा कचरा गेला की ते खराब झालंच म्हणून समजायचं.

"आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका," असा निरोप तुम्ही मालकाला पाठवला होतात. सकाळी पोचल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेवलात. थंड होतं. मग ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलंत आणि ते बोट माझ्यासमोर धरलंत. "काळं आहे, ताकासारखं नाय. म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नाय." रेडिएटरचं झाकण काढूनच सेल मारायला लावलात आणि पाच मिनिटं त्या पाण्यावरून नजर हलवली नाहीत. बुडबुडे आले असते तर गॅस्केट गेली असं समजायचं. ते आले नाहीत. तोवर मी श्वास रोखून उभा होतो.

ते पुढचं मात्र मी जन्मात विसरणार नाही. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून तुम्ही त्या चार एकसारख्या बाटल्यांत सोडलीत आणि गाडी नुसती चालू ठेवलीत. इंजेक्टर झिजला की त्यातून जास्त डिझेल परत येतं. दोन बाटल्यांत बोटभर डिझेल आलं, चौथीतही तेवढंच. तिसरी निम्मी भरली. कोणी काही बोललं नाही. मालकानेही पाहिलं, मीही पाहिलं. माझ्यासारख्या गाडीतलं काही न कळणाऱ्यालाही दिसलं की तिसरा इंजेक्टर गेलाय. नंतर मालकाच्या गोदामातली खताची वीस पोती भरून, आंबा घाट उतरून आपण साखरप्यापर्यंत आलो आणि तोच घाट परत चढलो. तुमची नजर रस्त्यावर नव्हती, तापमानाच्या काट्यावर होती.

मालकाने ४,६०,००० सांगितले होते. इंजेक्टरचं काम, रेडिएटर, दोन होज पाइप, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), सगळ्याचा हिशेब तुम्ही तिथेच पाकिटाच्या मागे मांडलात आणि व्यवहार ४,१०,००० वर झाला. "हेड गॅस्केट जाईलच असं नाय, पण गेली तर लागतील तेवढे पैसे बाजूला ठेवूनच ही गाडी घे. नसतील तर घेऊ नको." हे इतक्या सरळपणे मला घरच्या माणसानेही सांगितलं नसतं. मधल्या एजंटने तुम्हाला बाजूला नेऊन काही द्यायचा प्रयत्न केला, तो मी पाहिला. तुम्ही ते त्याच्या खिशात परत ठेवलंत आणि त्याबद्दल मला आजवर एक शब्द बोलला नाहीत.

कागदांचंही तुम्हीच बजावलंत. हप्ते फिटले म्हणून मालक सांगत होता, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेचा ना हरकत दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच मी उरलेले पैसे दिले. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, जुनी ई-चलनं त्याच्याकडूनच भरून घेतली, विम्यावर नाव बदलण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत दिला.

आता जे तुम्हाला सांगायचं राहिलं, ते सांगतो. एप्रिलमध्ये एका रात्री साठ पेट्या भरून घाट चढत होतो. तिसऱ्या वळणानंतर काटा वर सरकायला लागला. वर पोचायला थोडंच अंतर होतं, सकाळी बाजार गाठायचा होता, आंबा पिकलेला होता. पूर्वीचा मी असतो तर तशीच रेटली असती. तुमचा आवाज कानात होता: "काटा हलला की गाडी थांबव, मग माल कुजला तरी चालेल." बाजू घेतली, इंजिन बंद केलं, झाकणाला हात न लावता पाऊण तास बसून राहिलो. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर होज पाइपची क्लिप ढिली होऊन कूलंट गळत होतं. क्लिप आवळली, तुम्ही सीटखाली ठेवायला लावलेला कूलंटचा कॅन ओतला आणि हळूहळू वर चढलो. एकही पेटी खराब झाली नाही. पण काका, मी पेट्यांसाठी लिहीत नाही. त्या रात्री हेड गेलं असतं तर यंदाच्या बागेचा सगळा पैसा त्यात गेला असता, आणि धाकटीची कॉलेजची फी कुठून भरली असती ते मला माहीत नाही.

डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू दर पंधरा दिवसांनी सोडून पाणी काढतो. धाकटीही शिकली आहे, बाटली धरून ती उभी असते.

पाऊस तोंडावर आलाय. चेशी खालून धुवून ऑइल मारून घ्यायची आहे, पाट्यांना ग्रीसही हवं. सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो. रात्रभर थंडच ठेवतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
पावसचा एक बागायतदार