विश्वास उडतो, श्रद्धेचं काय होतं?

मा. संपादक,

गेले काही आठवडे तुमच्या पत्रांच्या पानावर श्रद्धा की विज्ञान अशी जुगलबंदी चाललीय, एकजण म्हणतो श्रद्धा म्हणजे डोकं गहाण ठेवणं, दुसरा म्हणतो श्रद्धा नसलेला माणूस कोरडा, आणि दोघंही श्रद्धा आणि विश्वास हे शब्द एकाच अर्थाने वापरतायत. मला यातलं फार शास्त्र कळत नाही, पण मागच्या वर्षी एका फॉर्मवर सही करायची वेळ आली तेव्हापासून हे दोन शब्द मला वेगळे दिसायला लागलेत म्हणून लिहितोय. लांबलं तर खुशाल कात्री लावा.

आईचं हार्टचं ऑपरेशन होतं, झडप बदलायची. आदल्या रात्री नर्सने संमतीपत्र आणून दिलं, दोन पानं, दुसऱ्या पानावर काय काय होऊ शकतं त्याची यादी. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पक्षाघात, करत करत सगळ्यात शेवटी मृत्यू, तोही बाकीच्या शब्दांसारखाच बारीक टायपात. आई पलंगावरून बघत होती. "काय लिहिलंय रे?" म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही गं, फॉर्मॅलिटी असते," आणि सही ठोकली. तशी सही बँकेत केली असती तर चेक नक्की परत आला असता.

मामा तिथेच होता. तो म्हणाला, "काही होणार नाही, माझ्याकडून लिहून घे." थोड्या वेळाने भूलतज्ज्ञ आले, कवळी आहे का, कुठला दात हलतोय का, कसली ॲलर्जी वगैरे विचारून झालं. मी उगाच टेन्शनमध्ये विचारलं की डॉक्टर, ही भूल नेमकी चढते कशी हो? ते हसले. म्हणाले, "किती द्यायची, कधी थांबायचं, शरीर काय सांगतंय, ते सगळं आम्ही बघतो. पण शुद्ध जाते म्हणजे आत नेमकं काय होतं, ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही." मी चाट. नंतर वाचलं तर खरंच की, १८४६ साली बॉस्टनला इथर देऊन सगळ्यांसमोर ऑपरेशन झालं तेव्हापासून जगभर लोक रोज भूल घेतायत आणि ती कशी चालते हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. आता गंमत बघा, मामाला सगळं माहीत होतं, डॉक्टरांना माहीत नव्हतं, आणि मी आईला त्या माहीत नसलेल्या माणसाच्या हवाली केली.

आपण बोलताना म्हणतो ना, विश्वास बसला, विश्वास उडाला. पाखरासारखं आहे ते. कारण विश्वास कसला, तर अमुक होईल, तमुक आहे, असल्या एखाद्या वाक्यावर, आणि वाक्य म्हटलं की ते खोटं ठरू शकतं. श्रद्धेचं वाक्य काही पुरं होत नाही. माझी श्रद्धा आहे, एवढंच. शब्द श्रत् आणि धा मिळून झालाय, धा म्हणजे ठेवणं, आणि श्रत् चा अर्थ कुणी सत्य लावतं कुणी हृदय. लॅटिनमधला क्रेडो, म्हणजे 'मी मानतो', म्हणे याचाच लांबचा भाऊ. म्हणजे मुळात हे कुठेतरी आपला भार ठेवणं आहे, पुढे काय होणार ते ठाऊक असण्याची त्यात अट नाही.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा डावा हात उचलेना. यादीतला तिसरा शब्द.

मामा हादरलाच. "असं कसं झालं, मी एवढा विश्वास ठेवला होता" हेच परत परत, आणि मग पंधरा दिवस फिरकलाच नाही, जणू त्याला कुणीतरी फसवलंय. मी त्याला नावं ठेवत नाही हां, तो घाबरला होता, आणि न कळलेलं सहन होत नाही तेव्हा माणूस एखादं वाक्य घट्ट धरतो. मी तरी काय वेगळं केलं, फॉर्मॅलिटी म्हणून आईला तसलंच एक वाक्य हातात दिलं की.

तुमच्या एका पत्रलेखकाने लिहिलंय की पुराव्याच्या पलीकडे एक इंचही मानू नये. विश्वासापुरतं हे मला शंभर टक्के पटतं. क्लिफर्ड नावाच्या एका इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये हेच मांडलं होतं, त्याचं उदाहरण जहाजाच्या मालकाचं: जहाज जुनं झालंय हे माहीत असून तो मनाची समजूत घालतो की इतक्या वेळा गेलं तसं आताही जाईल, आणि क्लिफर्ड म्हणतो जहाज सुखरूप परत आलं असतं तरी मालक दोषीच. बरोबर आहे. पण माझ्या फॉर्मवर सही सकाळी सहाच्या आत हवी होती, आणि मला हवा होता तो पुरावा ऑपरेशननंतरच मिळणार होता. मग काय करायचं? माहिती घ्यायची, प्रश्न विचारायचे, आणि उरलेल्या अंधारात पाऊल टाकायचं. त्या उरलेल्यासाठी माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

यावर मला पास्काल हा फ्रेंच गणितज्ञ आठवतो. १६५४ साली याने फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून जुगारातल्या शक्यतांचं गणित बसवलं, म्हणजे अनिश्चिततेला मोजपट्टी लावणाऱ्या पहिल्या माणसांत हा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका रात्री त्याला काहीतरी जबरदस्त अनुभव आला, तो त्याने लिहून ठेवला आणि कोटाच्या अस्तरात शिवून टाकला, १६६२ मध्ये तो गेल्यावर सापडला. त्यात 'निश्चितता' हा शब्द पाठोपाठ दोनदा आहे. मला उगाच वाटतं, पुरती खात्री असलेला माणूस दोनदा लिहीत नाही. आणि आपल्या ऋग्वेदात बघा, दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त म्हणतं ही सृष्टी कुठून आली ते वर बसलेल्यालाच माहीत, किंवा त्यालाही माहीत नसेल, आणि त्याच मंडलात थोडं पुढे, १५१ वं सूक्त चक्क श्रद्धेचं आहे. जमवणाऱ्यांना दोन्ही शेजारी ठेवताना काही अडचण वाटली नाही, आपल्यालाच वाटते.

आई पूर्वी फार ठाम होती. आता म्हणते, "देव आहे का, मला खात्रीने सांगता यायचं नाही." पण रोज सकाळी हात जोडते. डावा उजव्याने उचलून आणावा लागतो, मग तो घसरतो, मग पुन्हा आणते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मदतीला गेलो तर "राहू दे" म्हणाली.

मागच्या आठवड्यात परत एक फॉर्म आला, आता पेसमेकर बसवायचाय, छोटंसं काम आहे म्हणतात. मी सवयीने पेन काढलं तर म्हणाली, "थांब, आधी वाच. सगळं वाच. मागच्या वेळी दुसरं पान गाळलंस ते मी बघितलं होतं."

वाचलं. शेवटच्या शब्दाला आवाज जरा अडकला.

"पुढे?"

"संपलं."

"मग दे इकडे," म्हणाली, आणि उजव्या हाताने स्वतः सही केली.

आपला एक वाचक