चकतीआधी दोर तपासा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

तलावाचे पाणी गढूळ की नितळ, हा वाद सेक्की चकती, म्हणजे दोराने पाण्यात सोडून किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहायची गोल चकती, पाच मिनिटांत मिटवते. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने 1865 मध्ये भूमध्य समुद्रात चकत्या सोडून पाहिल्या, तेव्हापासून ही पद्धत रूढ आहे. तलावासाठी 20 सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत आळीपाळीने काळी-पांढरी रंगवलेली चकती पुरते. रंग मॅट हवा. चकाकणाऱ्या रंगावर उजेड परावर्तित होतो. चकतीखाली अर्धा-एक किलो वजन बांधावे.

खरी हयगय दोरात होते. सुती दोर भिजल्यावर आटतो, नायलॉनचा ताणला जातो. म्हणून न ताणणारा दोर घ्यावा, भिजवावा, चकती वजनासह टांगावी आणि मगच दर 10 सेंटिमीटरला खूण करावी. शून्य चकतीच्या वरच्या पृष्ठभागावर धरावे, गाठीपाशी नव्हे; नाहीतर प्रत्येक नोंदीत तेवढीच चूक राहते आणि ती कधीच लक्षात येत नाही. दर हंगामात खुणा टेपने पडताळाव्यात.

मोजणी सकाळी 10 ते दुपारी 3 च्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून करावी. चकती दिसेनाशी होते ती खोली टिपावी, थोडी आणखी खाली सोडून हळूहळू वर ओढावी, पुन्हा दिसू लागते ती खोली टिपावी. दोन्हींची सरासरी घ्यावी. होडी वाहत असेल तर दोर तिरपा होतो. 25 अंशांच्या कलाला आकडा सुमारे 10 टक्के फुगतो, म्हणजे पाणी आहे त्याहून नितळ ठरते! अशा वेळी नांगर टाकावा किंवा नोंद सोडून द्यावी. चकती तळाला टेकली तरी दिसत असेल, तर ‘तळ दिसतो’ एवढेच लिहावे. तळाची खोली पारदर्शकता म्हणून लिहू नये.

तलावात शेवाळ किती वाढले आहे हे आकड्यात सांगणाऱ्या, शास्त्रज्ञ कार्लसन यांच्या 1977 च्या निर्देशांकात चकतीची खोली 2 मीटर म्हणजे 50, 1 मीटर म्हणजे 60. खोली निम्मी झाली की 10 ने वाढ. पण हा हिशेब शेवाळामुळे आलेल्या गढूळपणाचा आहे. पावसाने वाहून आलेल्या गाळानेही चकती तशीच दिसेनाशी होते, म्हणून आकड्याशेजारी पाण्याचा रंग आणि आदल्या दिवशीचा पाऊस लिहावाच. एकाच ठिकाणी, शक्यतो त्याच माणसाने, पंधरवड्याला एक नोंद ठेवावी. डोळ्यागणिक आकडा थोडा बदलतो, त्यामुळे माणूस बदलला तर त्या दिवशी दोघांनीही मोजावे.

आपले,
तलावाचे पाणी मोजणारे वाचक