आई-बाबांना पत्र: गाडीचा टॅक्स मी भरलेला नाही

वॉटफर्ड,
७ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर हे होत नाही म्हणून लिहिते आहे. गाडीचा विषय निघाला की बाबा "आईशी बोल" म्हणतात, आणि आई फोन हातात आला की आधी मी जेवले का ते विचारते आणि मग तिचा कुकर होतो. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून. बाबा, शेवटपर्यंत वाचा. मधेच फाइल आणायला उठू नका, फाइल माझ्याकडेच आहे.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. तुम्ही पुण्याला दादाकडे आणि तुमची गाडी इथे तुमच्या घरी उभी. तिचा टॅक्स ३० नोव्हेंबरला संपला, तो मी पुढे भरलेला नाही. त्याच दिवशी तुमच्या लॉगबुकवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, ११ आकडी नंबर घालून गाडी सॉर्न केली, म्हणजे रस्त्यावर नसल्याचं कळवलं. गाडी विकलेली नाही. कुणाला दिलेली नाही. लॉगबुकवर नाव तुमचंच आहे, किल्ली तुमच्या हुकावर आहे आणि डॅशबोर्डवरचा गणपती जागचा हललेला नाही. फक्त सरकारदरबारी नोंद झाली की ही गाडी सध्या रस्त्यावर येणार नाही.

तुम्हाला विचारलं नाही, हे खरं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि तुम्ही नको म्हटल्यावर तेच करायचं माझ्या जिवावर आलं असतं.

आईने सांगितलं की तुम्ही रात्री दीड वाजेपर्यंत जागून कार्डाने टॅक्स भरायला बघत होतात आणि शेवटी पुण्याच्या इंटरनेटला शिव्या घालून झोपलात. इंटरनेटचा दोष नव्हता, बाबा. टॅक्स पुण्यातूनच काय, कुठूनही भरता येतो. पण ऑक्टोबरात एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, संपली, आणि चालू एमओटी नसेल तर ती साइट पुढे जाऊच देत नाही. डायरेक्ट डेबिट इतकी वर्षं आपोआप पुढे जात होतं, तेही याच कारणाने थांबलं. स्वानसीच्या वाहन खात्याचं तसं पत्र आलं होतं, ते तुमच्या निळ्या फाइलमध्ये लावलंय. पंच करून, तारखेच्या क्रमाने. तुमची डेपोतली शिस्त थोडी माझ्यातही उतरली आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग एमओटी करून घ्यायची होतीस. तोही विचार केला. एमओटीला गॅरेजवाला जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेऊ शकतो, टॅक्स वर्षाचा १९५. हप्त्याने भरला तर ५ टक्के जास्त घेतात म्हणून तुम्ही नेहमी एकरकमी भरता, तेही मला माहीत आहे. पैशांचा प्रश्न नव्हता. पण टॅक्स चालू ठेवला की विमाही चालू ठेवावा लागतो. गाडी चाक न फिरवता नुसती उभी असली तरी. २०११पासून हा नियमच आहे. तुमच्या वयाला विमा कंपन्या काय आकडा सांगतात ते तुम्ही गेल्या वर्षी ऐकलंत आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत. म्हणजे एमओटी, टॅक्स, विमा, शिवाय नवे टायर आणि बॅटरी, आणि एवढं सगळं करून गाडी उभीच.

आणि काहीच न करता सोडून देणं तर तुम्हालाच चाललं नसतं. टॅक्सही नाही आणि सॉर्नही नाही अशी गाडी त्यांच्या संगणकात लगेच सापडते आणि ८० पौंडांच्या दंडाचं पत्र थेट लॉगबुकवरच्या नावाने येतं. तुमच्या नावावर आजवर पार्किंगचंसुद्धा एक तिकीट नाही. (नीसडेनचं ते आईमुळे मिळालं होतं, ते मी धरत नाही.)

तुमच्या डोक्यात सॉर्नचा जुना नियम असेल, दर वर्षी नव्याने करायचा. तो २०१३च्या शेवटी गेला. आता एकदा केलं की पुन्हा टॅक्स भरेपर्यंत तसंच राहतं, मधे काही आठवण ठेवायची नाही. दादा म्हणाला, आपल्याकडे गाडी घेतानाच एकदा टॅक्स भरला की पंधरा वर्षं बघायला नको, तुमचं इंग्लंड भलतंच कटकटीचं. त्याला म्हटलं, तू बाबांना हे सांगू नकोस, ते तुला रस्त्यातले खड्डे मोजून दाखवतील.

गाडी आता ड्राइव्हवेवर पूर्ण आत घेतली आहे. सॉर्नची गाडी रस्त्यावर दिसली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून मागचं चाक फुटपाथलाही लागू दिलं नाही. नीलने ढकलली, मी स्टिअरिंग धरलं. बॅटरी पार उतरली होती. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढलाय, पहिल्यांदा हलली तेव्हा असा आवाज आला की शेजारच्या पटेलकाकी दार उघडून बाहेर आल्या. खिडक्यांच्या रबरात हिरवं शेवाळ धरलं होतं, ते मी जुन्या टूथब्रशने काढलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशामागे एक कोळी राहतो. त्याला मी काढत नाही, का काढत नाही ते आईला माहीत आहे.

आई, बूटमधलं तुझं सामान घरात आणलं. ईलिंग रोडच्या दुकानांच्या त्या निळ्या पिशव्या, दोन छत्र्या, चटई, मंडळाच्या गणपतीतला एक स्टीलचा डबा. डब्यावर सुळे असं कोरलंय. कुणाचा ते तू सांग, डॉलिस हिलला मंडळात कुणी जाणार असेल त्यांच्याबरोबर देते.

फाइल चाळताना खालच्या कप्प्यात जुने टॅक्स डिस्क सापडले, टॅक्स भरल्याचे काचेवर लावायचे ते गोल कागद. सगळे. त्या मरून कॅव्हेलियर गाडीपासूनचे, रबरबँड लावलेले. २०१४च्या ऑक्टोबरात कागदी डिस्क बंद झाले तेव्हा तुम्ही शेवटचा काचेवरून काढायला तयार नव्हतात, आठवतं? आई म्हणाली होती, पोलिसाने विचारलं तर काय दाखवणार. पोलिसाला आता गाडीचा नंबर पुरतो हे काही तिला पटलं नव्हतं, आणि खरं म्हणजे तुम्हालाही.

मला त्याच्या आधीचं आठवतं. शनिवारी सकाळी पोस्ट ऑफिसची रांग, तुमच्या हातात ब्राऊन पाकीट, त्यात एमओटी, विमा आणि चेक. काउंटरवरची बाई ठप्पा मारून डिस्क द्यायची आणि तुम्ही तो न फाडता मला द्यायचात. छिद्राछिद्रांवरून गोल फाडायचं काम माझं. एका वर्षी मी घाईने ओढला आणि ऑगस्टमधला ऑ गेला. इंग्रजीत ए, पण मी तेव्हा ऑच म्हणायचे. मला वाटलं आता आपल्या घरची गाडी जप्त होणार. तुम्ही काही न बोलता मागून सेलोटेप लावलीत आणि डिस्क तसाच वर्षभर काचेवर लावून ठेवलात. तो पण त्या गठ्ठ्यात आहे. टेप पिवळी झालीये.

म्हणून सांगते, तुमच्यासाठी तो टॅक्स म्हणजे नुसते १९५ पौंड नाहीत हे मला कळतं. टॅक्स चालू आहे म्हणजे एप्रिलमध्ये घरी परतायचं आहे, असा तुमचा हिशोब. पण बाबा, परत येणं गाडीवर अवलंबून ठेवू नका ना. घर आहे. बॉयलरची सर्व्हिस झाली. वरच्या खोलीत हीटर दिवसातून थोडा वेळ लावून ठेवते, भिंतीला ओल यायला नको. तुमची खुर्ची खिडकीशीच आहे. पत्रं मी उचलते, काउन्सिलची वेगळी आणि बँकेची वेगळी ठेवते. पटेलकाकी कुंड्यांना पाणी घालतात, कढीपत्ता त्यांच्या किचनमध्ये नेलाय, इथल्या थंडीत तो बाहेर टिकला नसता.

आणि एप्रिलची घाई नकोच. आईच्या गुडघ्याला डॉक्टरांनी फिजिओ सांगितलाय तो पूर्ण होऊ दे. नऊ-दहा तास विमानात पाय दुमडून बसायचं म्हणजे गंमत नाही. बाबांचा दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू राहिलाय. गेल्या हिवाळ्यातला तुमचा खोकला मी विसरलेले नाही, तुम्ही विसरला असाल. जूनमध्ये या. तेव्हा इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि पुण्यात पावसाची चिकचिक सुरू होते. तिकिटं मी काढते, व्हीलचेअर सांगून ठेवते. आई, व्हीलचेअर म्हणजे आजारी असणं नव्हे, सगळे घेतात, रांगेत उभं राहावं लागत नाही.

लायसन्सचा विषय मी मुद्दाम काढत नाही. मेमध्ये तीन वर्षं पुरी होतात, एवढंच लिहून ठेवते. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी ते नवीन करायचं असतं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि नंबर प्लेट २० मीटरवरून वाचता आली पाहिजे. डोळ्याचं ऑपरेशन झालं की तुम्ही माझ्यापेक्षा लांबची वाचाल. मग ठरवा. तुम्हीच ठरवा. मी काही म्हणणार नाही.

एक सांगू का, रागावणार नसलात तर. गाडीचा नंबर घातला की एमओटीचा सगळा इतिहास साइटवर कुणालाही दिसतो, दर वेळचं मीटर रीडिंगसुद्धा. मी बघत बसले होते. घेतल्यानंतर पहिल्या तीन वर्षांत तुम्ही हजारो मैल चालवलीत, लेक डिस्ट्रिक्ट, जयाकडे एडिनबरा, सगळं. शेवटच्या दोन एमओटींच्या मधे चारशेसुद्धा नाहीत. आणि त्यातले निम्मे पटेलकाकींना हॉस्पिटलात नेण्या-आणण्याचे असणार, त्या स्वतःच म्हणाल्या. एवढ्यासाठी टॅक्सी केली तरी चालेल. हे वाक्य मी दोनदा खोडलं, पण राहू देते.

तरीही तुम्ही आल्यावर गाडी हवीच म्हणालात तर अवघड काही नाही. आधी एमओटीची वेळ घ्यायची. सॉर्न असली तरी ठरलेल्या एमओटीला गाडी चालवत नेता येते, विमा तेवढा पाहिजे. पास झाली की घरी बसून टॅक्स भरायचा, तो लगेच लागू होतो आणि सॉर्न आपोआप जातं. हे सगळं मी तुम्ही यायच्या आधल्या आठवड्यात करून ठेवीन. हीथ्रोला तुम्हाला घ्यायला तुमचीच गाडी आणीन, पण त्या दिवशी चालवणार मी. यावर वाद नाही.

आता इतर.

बाबा, दादाची अ‍ॅक्टिव्हा चालवू नका. मला कळलंय. "भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत" हेही कळलंय. कोथरूडचा कोपरा म्हणजे हॅरोचा कोपरा नाही. रिक्षा करा, आणि सुट्ट्यांवरून त्याच्याशी भांडू नका. प्रेशरची गोळी सकाळचीच घ्या, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नसते. रक्त तपासायला घरी माणूस येतो, त्याला परत पाठवू नका, लॅबपर्यंत चालत जाण्यात काही मर्दुमकी नाही.

आई, तू फिजिओच्या मुलीला पोहे खायला घालून व्यायाम अर्धा करतेस असं समजलंय. पोहे घाल, व्यायाम पूर्ण कर. बाथरूममध्ये ती रबरी चटई दादाने आणली आहे ती अंथर, गुंडाळून दारामागे ठेवू नकोस. आणि खाली वाकून पोळपाट काढायचं बंद, ओट्यावर ठेव. लाडू पाठवू नकोस. बरं, पाठव, पण कुणी येत असेल तरच, कुरिअरने नको.

माझी काळजी करू नका. मी जेवते. नीलची परीक्षा जानेवारीत आहे, तो आजोबांची गाडी मागतोय, पण त्याच्या वयाच्या मुलाचा विमा ऐकून गप्प बसला.

रविवारी फोन करीन तेव्हा बाबांनी आधी माझ्याशी बोलायचं, मग आईकडे द्यायचा.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, चाकांच्या लॉकिंग नटची चावी कुठे ठेवलीत? टायर बदलायचे तर गॅरेजवाला तीच आधी मागेल. ग्लव्ह बॉक्समध्ये नाही, स्पेअर व्हीलच्या खालीही नाही. फाइलमध्ये एका चिठ्ठीवर "चावी: नेहमीची जागा" असं तुमच्या अक्षरात लिहिलंय. नेहमीची म्हणजे कुठली?