होहोतहून आप्पा-आईला

ती. आप्पा आणि आई,
सा. न. वि. वि.

दसऱ्याला आले नाही, दिवाळीलाही जमणार नाही. फोनवर आई नुसतं "हं" म्हणाली, म्हणून लिहायला बसले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इथे चीनमध्ये देशभर सुट्टी असते, पण निम्मे दिवस प्रवासात जातात, भाडंही परवडत नाही. नोकरीचा करार वर्षभर वाढवून घेतलाय. स्लॅबचं तुम्हाला ठाऊकच आहे.

सुट्टीपुरती होहोतला आलेय. इनर मंगोलियाची राजधानी, बीजिंगहून रेल्वेने दोन-सव्वादोन तास. आई, पोटाची काळजी नको. सकाळी मटण भरलेले वाफाळते शाओमाय, वर मीठ घातलेला दुधाचा चहा, त्यात भाजलेली वरी. तुला घोटभर जाणार नाही, मला मात्र दुसरी वाटी लागते. रात्री घोंगडी घेते. 1580 मध्ये पुऱ्या झालेल्या दाझाओ देवळात चांदीच्या बुद्धापुढे तुमच्या नावाने हात जोडले. बिरोबा रागावणार नाही.

आप्पा, शहरात पाट्यांवर मंगोल अक्षरं वरून खाली लिहिलेली दिसतात, मेंढरं मात्र डोंगरापलीकडे शिलामुरेनच्या कुरणावर. चरबीने रुंद झालेली शेपूट. तुम्ही आधी तीच चाचपली असती! पण सगळीकडे तारेची कुंपणं. 1980 नंतर कुरणं घराघरांत वाटली, पुढे गवत वाचवायला कित्येक ठिकाणी चराईबंदी आली. वनखात्याचं तुम्हाला मी काय सांगू? एक म्हातारे मेंढपाळ आता पर्यटकांना घोड्यावर बसवतात. आपला मेंढरांचा वाडा घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणात उतरतो म्हटल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, वाटेत पाणी कुठे पाजता? मी आठवतील तेवढे तळ सांगितले. कोकरांबरोबर मलाही घोड्यावर बांधायचात ना, तेव्हाचे.

पण आप्पा, यंदा तुम्ही वाड्याबरोबर जायचं नाही. मेंढरं विका असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. दादा नेईल. तुम्ही घरी राहून कोकरं बघा, दादाला काय चुकतंय ते फोनवरून सांगा, नाहीतरी सांगणारच आहात. गुडघ्याला पट्टा बांधा, खुंटीला नको. आई, बीपीची गोळी अर्धी करून पुरवायची नाही. पैसे पहिल्या आठवड्यात टाकते.

आणि दादा निघायच्या आधी सगळे तळ, पाण्याच्या जागा त्याला तोंडाने सांगा. तो फोनमध्ये रेकॉर्ड करेल. मलाही पाठवायला सांगा.

तुमची,
बायडी