‘अजून नाही’ म्हणणाऱ्यांची बाजू

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘हल्लीची पिढी आपमतलबी झाली, म्हणून घरात पाळणा हलत नाही’ हे तुझं वाक्य वाचून आधी चिडले, मग कागद ओढला. हाच विषय मी इतकी वर्षं शिकवला आणि माझी सगळ्यात जवळची मैत्रीणच असं लिहिते म्हटल्यावर गप्प बसवेना. तेव्हा पत्र लांबणार आहे, सोसून घे.

१९६६ सालच्या जपानपासून सुरुवात करते. तिथं साठ वर्षांतून एकदा ‘हिनोए-उमा’, म्हणजे अग्नी-अश्वाचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, असा जुना समज. १९६५ मध्ये तिथला जननदर २.१४ होता, १९६६ मध्ये तो एकदम १.५८ वर आला आणि १९६७ मध्ये पुन्हा २.२३. (जननदर म्हणजे त्या काळातल्या रीतीनं एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील तो आकडा. बाहेरून कोणी आलं-गेलं नाही तर लोकसंख्या टिकायला तो साधारण २.१ लागतो.) आता सांग, ती माणसं एका वर्षापुरती आपमतलबी झाली आणि पुढच्या जानेवारीत सुधारली? त्यांनी जन्मालाही न आलेल्या मुलीच्या लग्नाची काळजी केली, इतकंच. खरी गंमत पुढं आहे. १९८९ मध्ये तोच दर १.५७ झाला, कुठलाही अश्व आडवा आलेला नसताना. जपानी सरकारला आणि वर्तमानपत्रांना त्याचा धक्का बसला तो यासाठीच. २०२६ हे पुन्हा अग्नी-अश्वाचं वर्ष, पण आता तिथला दर खाली ओढायला समजुतीची गरज उरलेली नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना भरपूर मुलं व्हायची, त्या काय निःस्वार्थी होत्या म्हणून? साथीत दोन-तीन जायची. उरलेली लहानपणीच कामाला लागायची आणि म्हातारपणी तीच आधार. जॉन कॅल्डवेल या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं नायजेरियात राहून हे बघितलं आणि १९७६ मध्ये नीट मांडलं: जोवर संपत्तीचा ओघ मुलांकडून आई-बापांकडे असतो, तोवर जास्त मुलं हाच शहाणपणा. शाळा आली की ओघ उलटा फिरतो. मूल कमवत नाही, मुलावर खर्च होतो, आणि तो खर्च विशी ओलांडली तरी थांबत नाही. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९६० मध्येच मुलांचा विचार अर्थशास्त्राच्या चौकटीत बसवला होता. त्यानं मुलांना चक्क टिकाऊ वस्तूंच्या रांगेत बसवलं, ते मला आजही खटकतं. पण त्याची एक गोष्ट नाकारता येत नाही: उत्पन्न वाढलं की लोक मुलांची संख्या वाढवतीलच असं नाही, एकेका मुलावरचा खर्च वाढवतात. आणि सगळ्यात महाग असतो तो आईचा वेळ. तिचं शिक्षण आणि पगार जितका जास्त, तितका तो आणखी महाग.

मात्र सगळं पैशावर ढकलून मोकळं होता येत नाही. फ्रान्समध्ये जन्म कमी व्हायला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरुवात झाली. इंग्लंड कारखानदारीत त्याच्या कितीतरी पुढं होता, तरी तिथं हे घडायला आणखी शंभरेक वर्षं गेली. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी युरोपातला एकेक प्रांत तपासला, तेव्हा जननदराची घसरण उत्पन्नापेक्षा भाषेच्या आणि संस्कृतीच्या सीमा धरून पसरलेली दिसली. शेजारणीचं बघून शेजारीण, आणि शेजारीण म्हणजे जिची बोली कळते ती.

ब्राझीलचं उदाहरण मला फार आवडतं. तिथं सरकारनं कुटुंबनियोजनाची मोठी मोहीम कधी चालवलीच नाही, तरी १९६० च्या सुमारास सहाच्या वर असलेला दर चाळीस-पन्नास वर्षांत दोनच्या खाली आला. शहरं वाढली, शिक्षण वाढलं हे खरंच. पण ‘ग्लोबो’ या वाहिनीचं प्रक्षेपण ज्या भागात जसजसं पोचलं, तसतसे तिथले जन्म घटले, हेही संशोधकांनी दाखवून दिलं. त्या वाहिनीच्या मालिकांतल्या नायिका बहुतेक बिनमुलांच्या किंवा एका मुलाच्या. कोणी उपदेश केला नव्हता. लहान कुटुंबातली बाई सुखी असू शकते हे रोज रात्री घरात दिसत होतं, एवढंच.

सरकारांनी जिथं जोर लावला तिथं काय झालं? चीनमध्ये १९७० साली सहाच्या जवळ असलेला दर १९७९ पर्यंत तीनच्या खाली आला होता. एक मुलाचा कडक नियम आला तो त्यानंतर. इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सहाच्या वर होता आणि २००० च्या आसपास दोनवर आला. मुलींच्या शाळा आणि गावोगावची आरोग्य केंद्रं यांनी ते केलं, सक्तीशिवाय. उलट दिशेची सक्ती रोमानियात तिथला हुकूमशहा चाउशेस्कू यानं केली. १९६६ च्या ऑक्टोबरात त्यानं गर्भपातावर बंदी घातली आणि दर एका वर्षात १.९ वरून ३.७ वर नेला. पुढच्या पंधराएक वर्षांत बायकांनी चोरवाटा शोधल्या आणि तो पुन्हा दोनच्या आसपास आणला. त्या चोरवाटांवर हजारो जणी मेल्या, अनाथालयं भरली. १९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळली, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच ती बंदी उठवावी लागली.

आता तुझ्या मुद्द्यावर येते. युरोपात ‘किती मुलं असावीत’ असं विचारलं की आजही बहुतेक देशांत उत्तर दोनच्या आसपास येतं. प्रत्यक्षात होतात ती दीडच्याही खाली. म्हणजे ‘मूल नको’ असं ठामपणे ठरवणारे तुलनेनं थोडे. पुष्कळ आहेत ते ‘अजून नाही’ म्हणणारे. आधी शिक्षण, मग नोकरी, मग ती कायम होऊ दे, मग राहायला जागा, मग जोडीदार, मग दोघांची गाडी जरा रुळावर येऊ दे. यातली एकेक पायरी सुटी घेतली तर समंजसच वाटते. पण सगळ्या चढून होईपर्यंत पस्तिशी आलेली असते, आणि शरीर कोणाच्या पायऱ्या मोजत बसत नाही. पहिलं उशिरा झालं की दुसरं पुष्कळदा राहूनच जातं. कोणी तसं ठरवलेलं नसतं.

जागेचंच बघ. अमेरिकेत घरांच्या किमती वाढल्या की ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांच्यात जन्म वाढतात आणि भाडेकरूंमध्ये घटतात, असं तिथल्या दोघी अर्थतज्ज्ञांनी दाखवलं आहे. एकच बाजार एकाला पाळणा देतो आणि दुसऱ्याचा काढून घेतो. पण त्याच अमेरिकेत २००७ साली २.१२ असलेला दर २००८ च्या मंदीत घसरला, आणि मंदी सरल्यावरही वर आला नाही. आता तो १.६ च्या आसपास आहे. फिनलंडमध्ये तर रजा, पाळणाघरं, सगळी सोय चांगली; तरी २०१० मध्ये १.८७ असलेला दर २०२३ मध्ये १.२६ झाला. तिथं घटली आहेत ती मुख्यतः पहिलीच अपत्यं. सोय असून सुरुवातच होत नाही.

दक्षिण कोरियात हे सगळं एका ठिकाणी साचलं आहे. २०२३ चा दर ०.७२. तिथं मूल व्हायचं तर लग्नाच्याच दारातून यावं लागतं. लग्नाबाहेरचे जन्म शंभरात जेमतेम पाच-सहा. फ्रान्समध्ये ते निम्म्याहून जास्त आहेत. आणि कोरियातलं लग्नाचं दार अरुंद: घर हवं, पक्की नोकरी हवी, आणि सून म्हणून येणारी कामं अंगावर घ्यायची तयारी हवी. शाळकरी मुलांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के खासगी शिकवण्यांना जातात. एकाला धड शिकवायचं तर दुसरं परवडत नाही. २०२४ मध्ये दर किंचित वर येऊन ०.७५ झाला, तोही आधी लग्नं वाढली म्हणून.

पैसे वाटून भागतं का? हंगेरीनं चार किंवा जास्त मुलांच्या आईला प्राप्तिकर माफ केला, कर्जं दिली. २०११ मध्ये १.२ च्या आसपास असलेला दर २०२१ पर्यंत १.६ च्या जवळ गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा १.४ च्या खाली आला. मदतीमुळे पुष्कळदा लोक मूल लवकर होऊ देतात, जास्त नाही. म्हणून आकडा आधी फुगतो आणि मग उतरतो. मला स्वतःला या वाटपापेक्षा घरातल्या कामाची वाटणी जास्त महत्त्वाची वाटते. डेन्मार्कसारख्या देशातसुद्धा पहिल्या मुलानंतर आईची कमाई दीर्घकाळात सुमारे वीस टक्क्यांनी मागं पडते आणि बापाच्या कमाईला धक्काही लागत नाही. डोप्के आणि किंडरमन या अर्थतज्ज्ञांनी युरोपातल्या जोडप्यांची उत्तरं तपासली: जिथं जननदर अगदी कमी आहे तिथं आणखी एका मुलाला नकार मुख्यतः बाईचा असतो, आणि तिथं पुरुष मुलांचं करण्यात हातभारही कमी लावतात. आता आपमतलबी कोणाला म्हणायचं ते तूच ठरव.

या सगळ्याला इस्रायल सुरुंग लावतो, हेही प्रामाणिकपणे सांगते. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायका, महाग घरं, आणि तरी दर तीनच्या जवळ. धार्मिक नसलेल्या कुटुंबांतही दोन-तीन मुलं असणं सहज मानतात. आजूबाजूच्या प्रत्येकाला मुलं असतील तर ‘अजून नाही’ला फार दिवस जागा मिळत नसावी, असा माझा तर्क. उद्या उठून दुसऱ्या कुठल्या देशानं ते उचलायचं म्हटलं तर जमणार नाही.

लोकसंख्या घटते याचं मला तुझ्याइतकं भय वाटत नाही. म्हाताऱ्यांचं कोण करणार हा प्रश्न खरा आहे, पण माणसांनी मोजणीसाठी मुलं जन्माला घालावीत हे मला पटत नाही. मला डाचतो तो हवं आणि मिळालं यातला फरक. नायजरमध्ये सहाच्या आसपास दर आहे, तिथं कितीतरी बायकांना पुढचं बाळंतपण लांबवायचं असतं आणि साधन हाताशी नसतं. इकडं दोन हवी असणारी एकावर थांबते. दोघींच्याही मनासारखं होत नाही.

तुझ्या लेकीचं तू फारच मोघम लिहिलंस, म्हणून नीट काही सांगता येत नाही. पण स्वीडनची एक गोष्ट सांगते. १९७४ मध्ये तिथं बाळासाठीची पगारी रजा आई-बाप दोघांना खुली झाली. बापांनी ती फारशी घेतलीच नाही. ऑफिसात बरं दिसत नाही म्हणे. १९९५ मध्ये नियम बदलला: एक महिना बापाचा, त्यानं घेतला नाही तर बुडाला. रजा घेणारे बाप भराभर वाढले. तेव्हा लेकीला ‘कधी’ म्हणून विचारण्याआधी जावयाला विचार, तुमच्या ऑफिसात किती रजा मिळते आणि त्यातली तुम्ही किती घेणार. तो काय म्हणतो ते मला सविस्तर कळव.

तुझी,
शालन