बाबा, "सगळंच काढा" म्हणण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर आईच्या स्तनाच्या कॅन्सरचा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि आई भलतंच काहीतरी विचारायला लागते, म्हणून लिहितेय.

बाबा, तुमचं म्हणणं एकच : छाती पूर्ण काढा, काखेतलं सगळं काढा, केमोही द्या, कसर नको. हे कुठून येतं ते मला कळतं. आत्याचं स्नायूंसकट सगळं काढलं होतं आणि ती चांगली म्हातारी होऊन गेली. पण तिचा उजवा हात कायमचा सुजलेला होता, ब्लाउजची एकच बाही उसवून मोठी करावी लागायची, हेही तुम्हीच पाहिलंय.

ते ऑपरेशन हॉलस्टेड नावाच्या सर्जननी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलं. कॅन्सर जागच्या जागी कडेकडेने पसरतो, म्हणून जितकं जास्त काढाल तितकं बरं, असा त्यामागचा हिशेब. बर्नार्ड फिशर या अमेरिकन सर्जनना तो पटेना. १९७६ मध्ये त्यांनी चाचणी सुरू केली. काही बायकांचा स्तन पूर्ण काढला, काहींची नुसती गाठ, आणि काहींना गाठ काढून वर रेडिएशन दिलं. वीस वर्षांनी पाहिलं तर जगण्याचं प्रमाण तिन्हीकडे सारखंच! फक्त गाठ काढलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली; रेडिएशन घेतलेल्यांत हा आकडा १४ टक्के होता. तेव्हा आई, "रेडिएशनचं नंतर बघू" हे तुझं चालायचं नाही.

काखेतल्या ग्रंथीही आता सरसकट काढत नाहीत. निळा रंग टोचतात, तो सगळ्यात आधी ज्या एक-दोन ग्रंथींत पोचतो तेवढ्याच काढून तपासतात. तुझ्या सोनोग्राफीत काख स्वच्छ दिसलीय. या ग्रंथीही स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही, आणि आत्यासारखा हात सुजण्याची शक्यता खूपच कमी.

आता केमो. रिपोर्टवर "ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह" लिहिलंय. म्हणजे ही गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसली जाते, आणि हर-टू हे गाठ भराभर वाढवणारं प्रथिन तिच्यात जास्त नाही. तिच्यावरचा मुख्य उपाय म्हणजे निदान पाच वर्षं रोज घ्यायची एक साधी गोळी. शेजारच्या काकूंना मिळालेलं ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन हर-टू पॉझिटिव्ह गाठीसाठी असतं. १९९८ मध्ये ते आलं आणि एका फार वाईट प्रकाराचं चित्रच पालटलं, पण तुला त्याचा उपयोग नाही. तेव्हा "त्यांना दिलं, मग हिला का नाही" म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका, बाबा.

केमो लागेल की नाही याचा अंदाज गाठीतल्या २१ जनुकांच्या तपासणीच्या स्कोअरवरून येतो. दहा हजारांहून जास्त बायकांवरच्या एका चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले. अशीच गाठ, काख स्वच्छ, वय पन्नाशीपुढे आणि स्कोअर मधला असेल, तर नुसत्या गोळीने जमलं तेवढंच गोळी आणि केमो मिळून जमलं. स्कोअर जास्त आला तर मी स्वतः केमोसाठी मागे लागेन.

गोळीने सांधे दुखतात, हाडं विरळ होतात. म्हणून सुरू करण्याआधी हाडांची तपासणी करायची, आणि त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यायची. मनाने बंद करायची नाही. बीपीच्या गोळ्यांचं काय करतेस ते मला माहीत आहे!

आणखी एक. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो. बाबांकडे आत्या, इकडे आई, म्हणजे माझ्यासाठी दोन्ही बाजू मोजायला हव्यात. आत्याला हा आजार कितव्या वर्षी झाला ते आठवून ठेवा. तेवढ्यावरून माझी तपासणी करायची का, ते डॉक्टर सांगतील.

पुढच्या भेटीला मी येतेय. फाइल बाबांकडे असू द्या. पण आत गेल्यावर पहिलं आईला बोलू द्या, काय हवंय ते तिला अजून कुणी विचारलेलंच नाही.

तुमची,
मनू