आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: काम समाधानकारक, मुलगी आंधळी

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाचं उत्तर आलं. मी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमधून, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातून, गेल्या वर्षी घरी सोडलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी कितींचे डोळे तपासले? आणि कक्षाच्या उद्घाटनाला आपण जाहीर केलेला, डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा कधी येणार? पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे, 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' दुसऱ्यापुढे 'निरंक'. त्याच आठवड्यात आपण सभागृहात सांगितलंत की नवजात बालकांच्या तपासणीचं काम समाधानकारक आहे. ज्या कामाचा आकडाच कुणी ठेवलेला नाही, ते समाधानकारक कसं ठरलं, एवढं मला समजावून सांगावं ही नम्र विनंती. नम्रपणा इथपर्यंतच.

माझी मुलगी 33 व्या आठवड्यात जन्मली. वजन 1,700 ग्रॅम. श्वास भराभर चालत होता म्हणून तिला पेटीत ठेवून ऑक्सिजन लावला. 'ऑक्सिजन चालू आहे, काळजी करू नका,' असं सिस्टर सांगायच्या आणि मी खरोखरच निर्धास्त व्हायचे. ऑक्सिजन म्हणजे जीव. तो जास्त होऊ शकतो हे मला कुठून माहीत असणार? पण ते रुग्णालयाला माहीत असायला हवं होतं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये हवा मिसळून तो हवा तेवढाच देणारा ब्लेंडर म्हणून एक यंत्र असतं. ते त्या कक्षात होतं का, हे मी नंतर विचारलं. उत्तर देणाऱ्याने आधी दुसऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, 'मागणी पाठवली आहे.'

घरी सोडताना कार्डावर वजन लिहिलं, लसी लिहिल्या, दूध कसं पाजायचं ते सांगितलं. डोळ्यांच्या तपासणीचा रकाना कोरा होता. तो कोरा आहे हेसुद्धा मला पुढे दुसऱ्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. मुलगी चार महिन्यांची झाली तरी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, आवाजाकडे मान वळवायची. घरातली मोठी माणसं म्हणाली, कमी दिवसांची आहे, उशिरा करेल सगळं. मोबाईलवर काढलेल्या फोटोत बुबुळ पांढरं दिसलं तेव्हा आम्ही धावलो. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, रेटिनोपथी ऑफ प्रिमॅच्युरिटी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार. पाचवी, शेवटची स्टेज आहे, दोन्ही पडदे सुटलेत. मग त्यांनी विचारलं, 'महिन्याच्या आत डोळे दाखवायला या, असं तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?'

नाही. कुणीच नाही.

साहेब, हा कुठला नवा रोग नाही. बोस्टनमध्ये डॉ. थिओडोर टेरी यांनी 1942 साली त्याची पहिली नोंद केली. 1951 मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ऑक्सिजनकडे वळवलं. मग 1953-54 मध्ये अमेरिकेतल्या 18 रुग्णालयांनी मिळून रीतसर चाचणी केली. काही बाळांना तेव्हाच्या पद्धतीने भरपूर ऑक्सिजन, काहींना गरजेपुरताच. निकाल स्पष्ट लागला. तोवर जगभरात दहा हजारांच्या आसपास मुलं आंधळी झाली होती, आणि ती चांगल्यातल्या चांगल्या रुग्णालयांत झाली होती, कारण ऑक्सिजनच्या नळ्या तिथेच होत्या. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण दिवस भरेपर्यंत वाढत असतात. जास्तीच्या ऑक्सिजनने ती वाढ थांबते. पुढे उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्या मागतो, त्या वेड्यावाकड्या फुटतात आणि अखेर पडदाच ओढून सोडवतात. हे मी आता झोपेतही सांगू शकते. बी.कॉम. झालेल्या बाईला हे पाठ करावं लागलं, कारण ज्यांचं हे काम होतं त्यांना रकाना भरायला वेळ नव्हता.

आपले सल्लागार आपल्याला सांगतील की बाईचं बरोबर आहे, पण विषय गुंतागुंतीचा आहे. आहेच. त्या चाचणीनंतर डॉक्टरांनी ऑक्सिजन फार आखडला आणि बाळं दगावू लागली. एका मुलाची दृष्टी वाचवायला सुमारे 16 बाळांचा जीव गेला असावा, असा हिशेब ब्रिटनमध्ये 1973 साली मांडला गेला. म्हणून अमेरिकेत तेराशेवर बाळांवर पुन्हा मोठी चाचणी झाली, तिचा निकाल 2010 मध्ये आला. रक्तातलं सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण, 85 ते 89 टक्के ठेवायचं की 91 ते 95, हा प्रश्न. खालच्या पातळीवर डोळे जास्त वाचले, पण मृत्यू वाढले. मग तिथल्या सरकारच्याच कार्यालयाने 2013 साली विचारलं की हे धोके पालकांच्या संमतिपत्रात नीट का लिहिले नाहीत. त्यावर डॉक्टर आणि नीतितज्ज्ञ जाहीर भांडले. भांडू देत. निदान तिथे कुणाला तरी विचारावंसं वाटलं.

आणि आपल्याकडे? जगात अपुऱ्या दिवसांची सर्वांत जास्त बाळं भारतात जन्मतात, वर्षाला तीस लाखांच्या घरात. अमेरिकेच्या नियमात 1,500 ग्रॅम किंवा 30 आठवड्यांच्या आतल्या बाळांचे डोळे तपासतात. माझी मुलगी त्यात बसली नसती. पण भारतातल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की आपल्याकडे जरा मोठी, वजनदार बाळंही आंधळी होतात, कारण ऑक्सिजन मोजूनमापून दिला जात नाही. म्हणून आपला नियम 2,000 ग्रॅम आणि 34 आठवडे असा आहे, आणि पहिली तपासणी साधारण 30 दिवसांच्या आत. दोष आढळला तर दोन-तीन दिवसांत लेझर. केंद्राच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत हे छापलेलं आहे. 2013 साली पालघरमध्ये गाजावाजा करून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार नावानिशी आहे. म्हणजे संशोधन झालं, ते आपल्याच मातीतलं आहे, नियम झाला, छापून झाला. फक्त रुग्णालयापर्यंत चालत आला नाही.

शेजारच्या कर्नाटकात 2008 पासून तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नवजात कक्षांत जातात, पडद्याचे फोटो काढतात आणि बंगळुरूचे तज्ज्ञ ते बघून सांगतात. डॉक्टर मिळत नाहीत हे रडगाणं त्यांनी तिथेच संपवलं. आपल्याकडे उद्घाटनाची फीत मिळते, कात्री मिळते, फोटोग्राफरही मिळतो. मिळत नाही तो एवढा एक कॅमेरा.

आता एक गोष्ट सांगते, ती जास्त झोंबते. मुलगी पेटीत असताना आमच्याकडून एका अभ्यासासाठी सही घेतली होती. दुधातून एक पावडर दिली की जंतुसंसर्ग कमी होतो का, असं काहीतरी पाहायचं होतं. मी सही केली. करणारच, बाळ त्यांच्या हातात होतं. त्यानंतर त्या अभ्यासाची माणसं नेमाने फोन करायची, घरी यायची, वजन करायची, ताप आला का विचारायची. पत्ता बदलला तरी आम्हाला शोधून काढलं. त्यांच्या फॉर्मात डोळ्यांचा प्रश्न नव्हता, म्हणून त्यांनीही विचारला नाही. आशाताई ठरलेल्या दिवशी यायच्या. त्यांच्या वहीतही तो नव्हता. अभ्यासाला माझी मुलगी बरोबर सापडत होती, आपल्या खात्याला सापडली नाही. आणि त्या अभ्यासातून काय निघालं? आजवर एक चिठ्ठी आलेली नाही. ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांना निकाल जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे, असं माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचे नीतिनियम सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात लिहिलंय. लिहिलेलं तर आपल्याकडे सगळंच असतं. कुणाचा तरी प्रबंध झाला असेल, कुणाला बढती मिळाली असेल. अभिनंदन.

भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागली, 10 बाळं गेली. तेव्हा सगळे धावले, चौकशी, ऑडिट, मदत, सगळं झालं. आगीचा धूर लांबून दिसतो. पडदा सुटताना कुठे काही दिसत नाही, म्हणून तिथे कुणाला जावं लागत नाही. कंत्राटी सिस्टर एकटी किती पेट्या सांभाळते ते आपण कधी रात्री तीन वाजता येऊन बघितलंय? मी तिला दोष देत नाही. तिचाच पगार महिनोन्महिने थकतो, यंत्राच्या देखभालीचा करार संपतो, तज्ज्ञाचं पद रिक्त असतं, फाईल मंत्रालयातून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून परत मंत्रालयात जाते. एवढ्या प्रवासात एखादं मूल चालायला शिकतं.

पैसे नाहीत म्हणू नका. याच आजाराने दृष्टी गेलेल्या तामिळनाडूतल्या एका मुलीला 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 1 कोटी 80 लाख रुपये देववले. ती 1996 साली सरकारी रुग्णालयात जन्मली होती, तिचीही तपासणी वेळेत सांगितली गेली नव्हती. न्याय मिळाला तेव्हा ती 18 वर्षांची होती. तेवढ्या रकमेत किती ब्लेंडर आले असते, हे आपल्या लेखाधिकाऱ्यांना विचारा.

मला भरपाईचं बोलायचं नाही, ते वकील बोलतील. प्रत्येक पेटीला ब्लेंडर आणि सॅच्युरेशनचं यंत्र द्या. डोळे तपासायची तारीख कार्डावर घातल्याशिवाय बाळ घरी सोडू नका. आशाताईंच्या वहीत एक ओळ वाढवा, त्याला निविदा लागत नाही. आणि कुठल्या रुग्णालयातून किती बाळं सोडली, किती तपासली, कितींना लेझर झालं, हे दर महिन्याला जाहीर करा, म्हणजे सभागृहात समाधान व्यक्त करायला काहीतरी आधार राहील.

माहिती अधिकाराचं पहिलं अपील दाखल केलं आहे. त्याची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयात दिली, तेव्हा आवक विभागातल्या साहेबांनी विचारलं की यात आरोग्य खात्याचा संबंध काय. त्यांना एकदा समजावून सांगा आणि पोच पाठवायला लावा.

आपली,
एसएनसीयूतून घरी सोडलेल्या एका मुलीची आई